दहा दसरे आणि एक विंच

श्रीनिवासरावांच्या जीपचा आज शेवटचा दिवस. सिंगापुरात गाडीला परवाना मिळतो दहा वर्षांचा, आणि तो आज रात्री संपत होता. पाचच्या आत जीप सेम्बावांगच्या भंगार यार्डात पोचवायची, नाहीतर उद्यापासून ती रस्त्यावर दिसली तरी गुन्हा. मरीन परेडच्या घरून जायला पाऊण तास, आणि आत्ता कुठे अडीच वाजले होते.

म्हणजे वेळ होता. तिथेच घोळ झाला.

जीपच्या पुढच्या बंपरवर विंच होती. चिखलात रुतलेली गाडी तारेने ओढून काढायचं यंत्र. श्रीनिवासराव बँकेच्या आयटीत मॅनेजर, सिंगापुरात चिखल फक्त कुंडीत. तरी हौसेने बसवून घेतली. दहा वर्षांत कुणी म्हणजे कुणी रुतलं नाही.

"जाऊ दे की आता," त्यांची बायको संजीवनी म्हणाली. "दहा वर्षं मिरवलीत ना."

"एकदाच ओढायचंय गं. एकदाच. मग देतो."

ओढायचं काय, हा प्रश्न टॅन अंकलनी सोडवला. ते खालच्या मजल्यावरचे, टोफू पोचवणारे. कार पार्कमध्ये त्यांची छोटी लॉरी उभी होती. "ओके लाह, मी तुमचा चिखल," ते म्हणाले आणि गिअर न्यूट्रलला टाकून बसले.

त्यांच्या घरात भाड्याने राहणारा सारंगही खाली आला. तो सॉफ्टवेअर टेस्टर. पण विंचवर शंभरेक व्हिडिओ बघितलेले, त्यामुळे बोलण्यात जोर.

हुक लॉरीला अडकवला. बटण दाबलं. तार ताठ झाली, विंच घरघरली आणि लॉरी हलली. एक फूट. दोन फूट. श्रीनिवासरावांच्या अंगावर काटा आला. त्यांनी बटण सोडलं.

लॉरी येतच राहिली.

"काका, सोडा बटण."

"सोडलंय रे."

"मग ती का येतेय?"

टॅन अंकलनी ब्रेक दाबला, तरी लॉरी चाकं घासत, सावकाश, ओळखीचं माणूस येतं तशी आली आणि बंपरला बंपर टेकवून थांबली. विंच अजून ओढतच होती. सारंगने पाना घेऊन बॅटरीची वायर काढली तेव्हा कुठे ती गप्प झाली.

दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या. हुक मध्ये चेपलेला, तार तुणतुण्यासारखी ताठ. ना जीप मागे जात होती, ना लॉरी.

"सहाला माझी टोफू डिलिव्हरी," टॅन अंकल म्हणाले. रागावले नव्हते, नुसतं सांगत होते. तेच श्रीनिवासरावांना जास्त लागलं.

श्रीनिवासरावांनी सवयीने मीटिंग सुरू केली. "आधी रूट कॉज बघू. दोन शक्यता आहेत..."

"काका, तीन वाजून गेले," सारंग म्हणाला आणि विंचशेजारच्या डबीला कान लावून बसला. बटण दाबलं की आतली पट्टी चिकटून करंट देते, सोडलं की सुटते. ही दहा वर्षं पडून गंजलेली, चिकटली ती चिकटलीच. "हातोडी आहे?"

घरात हातोडी नव्हती. संजीवनीने खलबत्त्यातला बत्ता आणून दिला. "वेलदोडे कुटायचेत अजून. तोडू नका."

सारंगने फडक्यात बत्ता गुंडाळून डबीवर तीनदा ठोकलं. आत टक वाजलं. बॅटरी जोडली, विंच गप्प राहिली. त्याने तार सोडायचं बटण दाबलं. ड्रम उलटा फिरला, तार जरा सैल पडली आणि पुन्हा ताठ. वरचे वेढे खालच्या वेढ्यांत घुसून बसले होते.

"काका, ही तार कुणी गुंडाळली?"

"मीच. दर दसऱ्याला सगळी काढून पुसतो, हळदकुंकू वाहतो, परत हाताने गुंडाळतो. एक वेढा वेडावाकडा नाही."

"हाताने?"

"मग काय पायाने?"

"ती ताण देऊन गुंडाळायची असते. तुम्ही लोकर गुंडाळल्यासारखी गुंडाळलीत. ओढ बसली की वरची तार खाली घुसते."

श्रीनिवासरावांनी बोटांवर मोजलं. दहा दसरे. संजीवनीला हसू आलं होतं, पण ती वर निघून गेली आणि सतरंजी घेऊन आली. तार तुटून उसळली तर कुणाला लागू नये म्हणून सारंगने ती तारेवर टाकली आणि सगळ्यांना लांब पिटाळलं.

"अंकल, रिव्हर्स. स्लोली. काका, तुम्ही बटण दाबा. तुमचीच विंच आहे."

लॉरी मागे सरकू लागली. ड्रम उलटा. तार खट, खट करत एकेक वेढा सोडत आली, मध्येच अडकली, जीपचं नाक खाली गेलं. श्रीनिवासरावांचा अंगठा पांढरा पडला. मग एक मोठा खट, आणि सतरंजी धपकन खाली बसली.

चार वाजले. हुक सोडला, तार ड्रमवरून काढून मागच्या सीटवर कोंबली. टॅन अंकल टोफूला, श्रीनिवासराव आणि सारंग सेम्बावांगला.

यार्डात पोचले तेव्हा पाचाला सात मिनिटं कमी होती. तिथला माणूस फॉर्म भरत जीपभोवती फिरला आणि विंचपाशी थांबला.

"विंच. नेव्हर यूज्ड, राइट? सगळे असंच लावून फिरतात."

सारंगने श्रीनिवासरावांकडे बघितलं. ते ताठ उभे होते, हात ग्रीसने काळे.

"यूज्ड," ते म्हणाले. "लिहा. हेवी यूज."