कोणी शिरत नाही

सव्वादहा वाजता माझ्या स्कूटरवर मागे टोपलीवाल्या मावशी आणि त्यांच्या मांडीवर वेतांची मोळी. अकराला सही होणार होती. तळ्यापलीकडचं वेताचं बन साफ करून तिथे माशांची तळी खोदायची, हे ठरलं होतं ते माझ्याच अहवालावरून. मी मानववंशशास्त्रज्ञ. गावातली जमीन, पाणी, रान कोण कसं वापरतं ते विचारून नकाशावर मांडायचं, हे माझं काम. आठ महिने इथे राहून मी त्या तुकड्यावर ठसठशीत लिहिलं होतं : ‘पडीक. कोणी शिरत नाही.’

अर्ध्या तासापूर्वी मावशींकडे सहज डोकावले, तर त्या कोयत्याला धार लावत गुणगुणत होत्या.

“उद्या पलीकडचं बन उघडायचं! तीन वर्षं झोपवलं होतं.”

“झोपवलं?”

“तीन तुकडे आहेत आपले. दोन दरवर्षी तोडायचे, एक झोपवायचा. झोपलेल्यात कुणी पाऊल टाकायचं नाही.”

माझ्या हातातला चहा सांडला. “मग मी विचारलं तेव्हा ‘कोणी शिरत नाही’ का म्हणालात?”

“शिरत नव्हतंच की! का, ते कुठं विचारलंस?”

धन्य मी! आठ महिने वही काखेत मारून मिरवले आणि एवढं साधं विचारायचं सुचलं नाही. ‘पडीक जागेवर तळी’ हे मावशींच्याही कानावर आलं होतं. पण आपलं बन पडीक असेल, असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

ऑफिसात साहेब पेन उघडून बसलेच होते. शेजारी मुख्य अभियंता. त्यांना आम्ही मोजपट्टी म्हणतो. दिसेल ते मोजतात.

“थांबा! अहवाल चुकलाय. माझाच,” मी ओरडले. याच बैठकीत माझा करार वाढवायचा होता, हे ओरडून झाल्यावर आठवलं.

“उद्या मशीन येतंय, बाई,” मोजपट्टी वैतागले. “पुरावा काय?”

मावशींनी मोळीतला एक वर्षाचा वेत गुडघ्यावर वाकवला. काड्‌कन मोडला. मग त्यांनी साहेबांच्या टेबलाखालची, स्वतःच विणलेली कचऱ्याची टोपली ओढली आणि कागद खुशाल जमिनीवर ओतले.

“हा काठ मागच्या खेपेच्या झोपलेल्या वेताचा, तीन वर्षांच्या. द्या यावर पाय.”

मोजपट्टींनी आधी काठाची जाडी मोजली, मग टेबल धरून सगळा भार टाकला. काठ वाकला. पाय काढला, तसा टुणकन वर आला.

“परत वर आला!” ते लहान पोरासारखे ओरडले. मी तर टाळ्याच वाजवल्या.

“बन गेलं की बावीस घरांच्या टोपल्या बिनकाठाच्या,” मावशी म्हणाल्या. “कोण घेईल?”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “तळ्यांना दुसरी जागा बघू. नकाशावरचं ते खोडा.”

“पडीक तेवढं खोडा,” मावशी म्हणाल्या. “कोणी शिरत नाही, हे खरं आहे. फक्त खाली लिहा, का ते.”

मी लिहिलं, तेही ठसठशीत. माझ्या कराराचं मात्र साहेब ‘नंतर बघू’ एवढंच म्हणाले.

बाहेर आल्यावर मावशी स्कूटरवर बसल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“उद्या सकाळी सहाला बनात ये. वही घरी ठेव. कोयता मी देते.”