खाऊन उरलेलं गवताने जिंकलं

मी एक भुंगेरा. मसुराच्या दाण्याएवढा, पाठीवर काळ्या वेलांट्या. झटकायच्या आधी माझं ऐकून घ्या.

माझा जन्म कॉलेजच्या प्रयोगशाळेत, फडकं बांधलेल्या बरणीत झाला. तिथे शिकणारी ताई आम्हाला वाढवायची. मी एकच झाड खातो, पांढरफुली. परदेशातून आलेली ही बया कॉलेजमागच्या माळावर अशी माजली होती की तिथलं गवत पार दबून गेलं होतं.

"यंदा हिला फुलं आली की सरळ औषध फवारणार," मोठे सर म्हणाले. "किड्यांचे लाड पुरे झाले."

"सर, फवारलंत तर गवतही जाईल आणि माझे भुंगेरेही!"

"मग दाखव काहीतरी करून."

ताईने आम्हाला माळावर सोडलं. आम्ही तुटून पडलो, पानांची चाळण केली. पण खोडाला पुन्हा धुमारे फुटत. खाऊन खाऊन जबडे दुखले, ती मात्र हटेना.

त्यातच माळीकाकांनी ताईला मदत करायचं मनावर घेतलं. त्यांनी पांढरफुली तेवढी जपली आणि बाकी सगळं खुरपून टाकलं.

"बघ, कसं लख्ख केलंय!"

"काका, गवत कुठंय?"

"ते होय? तण होतं गं. तुझ्या किड्यांचं झाड सोडलंय की!"

ताईने डोक्याला हात लावला. लख्ख जमिनीत पांढरफुलीची पोरं भराभर उगवली, मोठी झाडंही तरारली. बांधाजवळ मात्र गांधीलमाश्यांच्या भीतीने काका फिरकलेच नव्हते. तिथलं गवत शाबूत होतं.

आणि काय सांगू त्या गवताची ऐट! मी वर पान कुरतडलं की ते मिळेल तेवढं ऊन पटकावी, खाली मुळांनी पाणी ओढून घेई. पांढरफुलीला सावरायला उसंतच मिळेना. बांधाकडे एकही फूल आलं नाही.

"काका, तुम्ही चुकलात म्हणून मला कळलं!" ताई ओरडली. सरांना तिने हाताला धरून दोन्ही जागा दाखवल्या. सर बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "फवारणी राहू दे. गवताचं बी मागवा."

आज माळ हिरवागार आहे. पांढरफुली शोधूनही सापडत नाही, म्हणजे माझं ताटच रिकामं झालंय. त्याचं दुःख नाही. याच दिवसासाठी तर मी खात होतो.

पंखांत आहे तेवढ्या बळावर आता पुढच्या माळावर निघालोय. तिथे खुरपं घेऊन तुम्ही भेटलातच, तर एवढंच करा : उपटण्याआधी त्या गवताला एकदा नीट बघा. मी एकटा नाही पुरणार.