बिजलीबाईच्या मापाचा रणगाडा

मी एक जुना, पाच मीटरचा टेप आहे. हसू नका, मित्रांनो. माझी पट्टी गंजली असली तरी मिलिमीटर अजून जागच्या जागी आहेत. कारखान्यातून निघालो तो थेट महागावजवळच्या तांड्यावर, धरमसिंग राठोडांच्या वेल्डिंगच्या दुकानात आलो. खिडक्या, कुलरचे स्टँड, ट्रॉल्या, सारे मी मोजले. हा टेप खोटे बोलत नाही, असे धरमसिंग गिऱ्हाइकांना सांगत आणि मी फुगून जाई. पुढे लेसरचे यंत्र आले आणि मी खिळ्यांच्या डब्यात पडलो.

धरमसिंगांनी फौजेत अठरा वर्षे रणगाडा चालवला. सुटीवर आले की बायको, बिजलीबाई, विचारायच्या, त्या लोखंडी डब्यात तुम्ही करता तरी काय? त्यांना ते कधी सांगता आले नाही. साठी उलटल्यावर त्यांनी ठरवले, आता सांगायचे नाही, दुकानात रणगाडा बनवून सव्वीस जानेवारीला बिजलीबाईंना त्यात बसवूनच दाखवायचे. नेमका लेसरचा सेल संपला आणि त्यांना माझी आठवण झाली.

पण रणगाडा केवढा करायचा? खरा साडेसहा मीटर लांब. आयटीआयचे निवृत्त मास्तर अश्वजित कागद घेऊन बसले. एकास दहा धरला तर त्यात मांजर बसले असते. एकास पाच धरला तर नातू. एकास दोन धरला तर ई-रिक्षाच्या मोटारीने तो जागचा हलला नसता.

"पहिले वहिनीचं माप आण, मंग प्रमाण काढू," मास्तर म्हणाले.

तोफेच्या आवाजाला न घाबरलेला माणूस, पण बायकोला माप विचारायची छाती होईना! बिजलीबाई साध्या लुगड्यात डाळ निवडत बसल्या होत्या. भिंत मोजायचे सोंग करून धरमसिंगांनी मला त्यांच्या पाठीमागून फिरवले. आकडा मी सांगणार नाही. टेपलाही काही रीत असते.

एकास तीन ठरले. वरचे झाकण मात्र त्यांनी मापाबाहेर मोठे ठेवले. मला ते पटले नाही, पण मला विचारतो कोण?

झेंडावंदन झाले आणि बिजलीबाई आल्या त्या पेटीतला फेटिया घालून! फेटिया म्हणजे आरशाकवड्यांनी मढलेला बंजारा घागरा, घेर वीस हातांचा. त्या झाकण उघडून आत उतरू लागल्या आणि कमरेशीच अडकल्या. तांडा हसला. धरमसिंगांचे तोंड एवढेसे झाले. माझे माप मिलिमीटरला बरोबर होते, तरी मला फार लाज वाटली.

"मले विचारलं असतं, तं म्या फेटियासकट माप देलं असतं," बिजलीबाई म्हणाल्या. मग त्या झाकणावरच ऐसपैस बसल्या आणि नवऱ्याला पुढच्या भोकातून आत जायला सांगितले. डावे-उजवे त्या वरून सांगणार होत्या.

धरमसिंगांच्या खिशात मीही आत गेलो. रणगाडा हलला. पुढची फट सोडली तर घागऱ्याने तो पुरता झाकला होता, त्यामुळे बिजलीबाई आपोआपच सरकताहेत असे लोकांना दिसत होते. निम्म्या रस्त्यात त्यांनी वरून विचारले, "आत दिसते का काही?"

"वीतभर रस्ता दिसते. बाकी वर बसलेला कमांडर सांगन तसं जायचं. अठरा वर्षं असंच केलं."

त्यांनी पुढे वाकून रस्ता पाहिला.

"मंग हळू घ्या," त्या म्हणाल्या. "समोर खड्डा हाय."

मित्रांनो, माप घ्यायचे तर विचारून घ्या, चोरून नको. आणि घरचे कोणी वर्षानुवर्षे एकच प्रश्न विचारत असेल, तर त्याला वेळेवर उत्तर द्या. नंतर फार लोखंड लागते.