गढीवरचा छेद

कन्हान नदीच्या पलीकडे डोंगरखेड्यात गढी होती, असे म्हणत. गोंड राजांच्या वेळची असावी. नक्की कुणालाच ठाऊक नव्हते. गढीची पांढरी माती पिकाला चांगली, म्हणून दर उन्हाळ्यात लोक ती बैलबंड्या भरून शेतात नेत. १९७४ पर्यंत पूर्वेला एक उंचवटा आणि त्याच्या पायथ्याशी खंदकाची पुसट घळ, एवढेच उरले होते.

उंचवट्यावरून कामठीचा रस्ता वळणापर्यंत दिसे. गोपिकाचा नवरा जयवंता भिलाईला कामासाठी म्हणून त्याच रस्त्याने गेला, तो परतला नाही. गोपिका रोज दिवस कलला की वर जाऊन उभी राही. विचारले तर शेळी पाहते म्हणे. शेळी केव्हाच विकली होती.

त्या वैशाखात धाकटा दीर चंपतराव बंडी घेऊन आला.

"वहिनी, उतर वं खाली. यंदा हे माती पऱ्हाटीच्या वावरात टाकतो."

"दुसरीकडून ने ना गा."

"दुसरीकडं उरलं का? चाल, शेळी मी शोधून देतो."

गोपिका दुसऱ्याच दिवशी नागपूरला गेली. सीताबर्डीला उतरून विचारत विचारत पुरातत्त्वाची कचेरी गाठली. आठवड्याने रवींद्र नावाचा तरुण अधिकारी आला. उतरत्या उन्हात त्याने खंदकाची रेघ न्याहाळली.

"गढी असेल, तलावाची पाळही असेल. आत भिंत आहे का, ते छेद घेऊन, म्हणजे उभा चर खणून, पाहावं लागेल. तोवर माती कुणी नेणार नाही."

"छेद कुठं?"

"पूर्ण उंची इथंच आहे." तो तिच्या पायांकडे पाहत म्हणाला.

चंपतराव हसला. "घे. मी बंडीनं नेत होतो, तुहा साहेब टोपल्यानं नेते."

नको म्हटले, तर पावसाआधी चंपत सगळेच नेणार होता.

"खोदा," गोपिका म्हणाली. "पण माती दूर टाकू नका. बाजूलेच रचा. मले चढता आलं पाहिजे."

आत दगडमातीचा भिंतीसारखा थर लागला. रवींद्रने 'गढी असण्याची शक्यता' एवढेच लिहिले. बाजूचा ढीग मात्र उंचवट्याहून उंच झाला. मजूर गेल्यावर गोपिका त्यावर चढली. रस्ता वळणाच्याही पुढे, नदीपर्यंत दिसत होता. तेवढा सगळा मोकळा होता.

"बाई, ही माती परत छेदात भरावी लागेल," रवींद्र खालून म्हणाला.

"कधी?"

"पावसाआधी."

"बरं," ती म्हणाली आणि कपाळावर हात आडवा धरून रस्त्याकडे पाहत राहिली.