जागा सोडायची नाही

मंगळवार, २५ नोव्हेंबर २००८. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, तिकडचे नऊ वाजले असताना, बँकॉकच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरून सुटणारी विमानं थांबली. सरकारनं पायउतार व्हावं म्हणून हजारो निदर्शक टर्मिनलमध्ये शिरले होते. झाशीत दतिया गेटजवळच्या पाटणकरांच्या घरी ही बातमी आठ वाजून वीस मिनिटांनी पोचली. टीव्हीवर अजून काही नव्हतं. फोन बकुळचा होता.

"बाबा, फ्लाइट कॅन्सल झाली. माझीच नाही, सगळ्यांची. खाली पिवळे शर्ट घातलेले लोक भरलेत. हातात टाळ्यांचे प्लॅस्टिकचे पंजे आहेत, ते वाजवतायत. यहाँ कोई कुछ बता ही नहीं रहा."

"तू कुठे आहेस नेमकी?"

"वर. ट्रान्झिटमध्ये."

अनंतराव पाटणकरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि कॅलेंडरच्या उलट्या पानावर वेळ टिपून ठेवली. ती सवय होती. रेल्वेच्या झाशी मंडळाच्या कंट्रोल ऑफिसात त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. कानाला फोन, समोर मोठा कागद, त्यावर प्रत्येक गाडीची तिरपी रेघ. निवृत्तीला सात वर्षं झाली तरी घरात कुणी प्रवासाला निघालं की ते रेघ ओढत. बकुळची रेघ मेलबर्नहून निघून बँकॉकला टेकली होती. पुढे रात्री दोनला दिल्ली, सकाळची शताब्दी आणि अकराच्या आत झाशी. ही पुढची रेघ त्यांनी दुपारीच पेन्सिलीनं काढून ठेवली होती.

आतल्या खोलीतून भानुमतीबाईंचा आवाज आला. "कोण आहे हो? बकुळ का? बसली विमानात?"

"थोडा उशीर आहे," अनंतराव म्हणाले.

भानुमतीबाईंच्या आतड्यात गाठ होती. दिवाळीनंतर दुखणं वाढलं तेव्हा तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, मार्ग निम्म्याहून जास्त बुजलाय, पूर्ण बुजला तर वेळ मिळणार नाही. ग्वाल्हेरचे सर्जन झाशीतल्या एका खासगी इस्पितळात दर शनिवारी येत. २९ तारखेचा शनिवार ठरला. भानुमतीबाईंनी सगळं निमूट ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "लेकीला एकदा डोळ्यांनी बघू दे. मग कापा हवं तेवढं. ती आल्याशिवाय मी टेबलावर चढायची नाही."

कुणी समजूत घातली तर त्या कूस बदलून भिंतीकडे तोंड करत. चार वर्षांपूर्वी लेकीला दिल्लीच्या विमानतळावर सोडून आल्यापासून त्यांनी तिला पाहिलं नव्हतं.

बुधवारी दुपारी बकुळचा दुसरा फोन आला.

"बाबा, एअरलाइनवाले बस आणतायत. सगळ्यांना हॉटेलात नेणार म्हणे. शहरात कुठेतरी. कानपूरचे एक अंकल-आंटी आहेत माझ्या फ्लाइटचे, ते निघालेत. मला पण चल म्हणतायत. काय करू?"

"विमान कुठून सुटणार, ते सांगितलं का त्यांनी?"

"नाही ना. तेच तर."

"मग कशाला हलतेस?"

अनंतराव पुढे काय म्हणणार हे तिला पाठ होतं, तरी त्यांनी ते म्हटलंच. झाशी-कानपूर मार्गावरच्या मोठ नावाच्या स्टेशनची गोष्ट. शहाऐंशी साली मोठच्या बाजारातली माणसं रुळांवर येऊन बसली आणि कानपूरहून येणारी गाडी अडकली. निम्मे उतारू उतरून सडकेकडे धावले, ट्रक मिळेल, बस मिळेल म्हणून. अनंतरावांनी कंट्रोलमधून पाच तास खटपट करून गाडी मागे घेतली आणि दुसऱ्या मार्गानं फिरवून झाशीला आणली. डब्यात बसून राहिलेली माणसं मध्यरात्री घरी पोचली. सडकेवर गेलेली दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत येत होती. सुटकेची गाडी उतारू असतात तिथे येते, हे त्यांचं शास्त्र होतं. मेळ्यात हरवलात, गाडी चुकली, पूल तुटला, काहीही झालं तरी पाटणकरांच्या घरात एकच नियम होता: जागा सोडायची नाही. बकुळ पाच वर्षांची असताना स्टेशनवरच्या गर्दीत हात सुटला, तेव्हा ती वजनकाट्याला धरून तासभर उभी राहिली होती आणि तिथेच सापडली होती.

"विमान तिथेच येणार ना शेवटी? शहरात तर येणार नाही. रस्ता मोकळा झाला की पहिल्यांदा कुणाला बसवतील? जे हजर असतील त्यांना. तू बस तिथेच."

"पक्का ना बाबा?"

"पक्का."

ती राहिली. तिच्यासारखे आणखी शे-दीडशे लोक मागे राहिले होते. बाकीचे बसमध्ये बसून गेले.

त्या रात्री मुंबईवर हल्ला झाला. गुरुवारी सकाळी अनंतरावांनी टीव्ही लावला तेव्हा प्रत्येक वाहिनीवर मुंबई होती. धूर, घुमट, गोळ्यांचे आवाज. झाशीतल्या प्रत्येक मराठी घराचं कुणी ना कुणी मुंबईत होतं. फोन खणखणत राहिला. दादरची चुलतबहीण सुखरूप, डोंबिवलीचा भाचा सुखरूप. अनंतराव प्रत्येकाला बरं झालं म्हणत आणि पुन्हा वाहिन्या बदलत. खालच्या पट्टीत तरी बँकॉक दिसेल म्हणून दोन तास बसले. दिसलं नाही. मुंबईत माणसं मरत असताना आपण विमानतळाची बातमी शोधतोय याची लाज वाटली, आणि शोधणंही थांबवता येईना.

मेव्हणे मधुसूदन दुपारी आले. बडा बाजारात सात पिढ्यांचं घर, पूजापाठ सोडून बँकेत कारकुनी केलेले. बहिणीच्या उशाशी बसून तिला दोन चमचे पेज पाजली. मग बाहेर येऊन अनंतरावांच्या कागदाकडे बघत म्हणाले, "भावोजी, हे काय? अजून चार्ट भरताय?"

"वेळा टिपतोय."

"कोणाच्या? गाडी तर एक पण चालत नाही तुमची." ते हळू बोलत होते, आत ऐकू जाऊ नये म्हणून. "पोरीला हॉटेलात जाऊ द्यायचं होतं. अंघोळ तरी झाली असती. तुम्ही विमानाला मालगाडी समजता. लूपमध्ये, बाजूच्या रुळावर घातली आणि विसरलात."

"मालगाडीसुद्धा मी कधी विसरलो नाही, मधू."

"नाही हो, म्हणायची गोष्ट. रागावता काय लगेच."

दिल्लीतल्या विमान कंपनीच्या कार्यालयाचा नंबर अनंतरावांनी त्या दिवशी एकोणीस वेळा फिरवला. तीन वेळा माणूस भेटला. प्रत्येक वेळी वेगळा, आणि उत्तर एकच: "सर, हमारे पास कोई सूचना नहीं है।" कंट्रोलमध्ये असताना त्यांनी हे वाक्य हजारदा स्टेशनमास्तरांना सांगितलं होतं. ते कानाला कसं लागतं, हे ठाऊक नव्हतं.

बकुळ दिवसातून एकदा, एक मिनिट बोलत होती. बॅटरी वाचवायची होती. निदर्शक जेवण वाटतायत, म्हणाली. भात आणि काहीतरी. चांगले आहेत बिचारे, सॉरी सॉरी म्हणतात. जाऊ मात्र देत नाहीत.

शुक्रवारी दुपारी सव्वाबाराला दिल्लीहून फोन आला. अनोळखी बाईचा आवाज होता.

"पाटणकर भाईसाहब बोल रहे हैं? हम बकुल के साथ थे, बैंकॉक में। कानपुर वाले। बिटिया पहुँच गई क्या?"

अनंतरावांना आधी प्रश्न कळलाच नाही. "नहीं। आप... आप कहाँ से बोल रही हैं?"

"दिल्ली से। सुबह उतरे। होटल में लिस्ट बनी थी, भैया। जो होटल में थे, उन्हीं की। रात को बस में बैठाया, दूर एक नौसेना का हवाई अड्डा है, वहाँ से उड़ाया। हमने तो बहुत कहा था, चलो बेटा साथ। बोली, पापा ने मना किया है।"

अनंतरावांनी त्यांना धन्यवाद दिले. हॉटेलचं नाव विचारून लिहून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं. मग बकुळला फोन लावला. बंद होता. तीन वाजता लागला.

"बकुळ, ऊठ. निघ तिथून. आत्ता."

"काय झालं? आई...?"

"आई ठीक आहे. यादी हॉटेलात बनतेय. विमान तिथून सुटणारच नाहीये." त्यांनी हॉटेलचं नाव सांगितलं. मागून टाळ्यांचे पंजे वाजत होते. "बकुळ, माझं चुकलं."

"बाबा, बॅटरी जाईल. निघते मी."

ती एका सुरक्षारक्षकाच्या मागोमाग सामानाच्या वाटेनं बाहेर पडली, दोन किलोमीटर चालली, टॅक्सी मिळाली आणि हॉटेलात पोचली. हे साडेसहाला कळलं. शुक्रवारची यादी भरली होती. तिचं नाव शनिवारच्या यादीत गेलं. सकाळी बस निघेल, म्हणाले. विमान कधी, ते तिथे गेल्यावर कळेल.

संध्याकाळी अनंतराव पलंगाशी जाऊन बसले. शेजारची चंपा भानुमतीबाईंचे पाय चेपत होती. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

"ती उद्या सकाळपर्यंत यायची नाही," अनंतराव म्हणाले.

"का?"

"मी तिला तिथेच बसून राहा म्हटलं. बरोबरची माणसं आज सकाळी दिल्लीला पोचली."

भानुमतीबाई छताकडे बघत होत्या. "मोठ सांगितलंत ना?"

"हो."

"आणि तिनं ऐकलं."

"हो."

"वेडी," त्या म्हणाल्या. हे कुणाला, ते अनंतरावांनी विचारलं नाही. जरा वेळानं त्याच म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी करू म्हणावं डॉक्टरांना."

"ते पुढच्या शनिवारी येणार नाहीत. लग्न आहे त्यांच्या घरी."

"मग त्याच्या पुढच्या."

त्या रात्री भानुमतीबाईंच्या पोटात पाणीही ठरेना.

शनिवारी सकाळी आठला मधुसूदन रिक्षा घेऊन आले. भानुमतीबाई इस्पितळात यायला तयार झाल्या. खाटेवर निजेन, टेबलावर नाही, असं बजावून. साडेनऊला सर्जन आले, पोटावर हात ठेवला, एक्स-रेची फिल्म पाहिली. अनंतरावांना व्हरांड्यात घेऊन म्हणाले, "पूरा बंद हो गया है। अब देर मत कीजिए।"

"बेटी रास्ते में है, डॉक्टर साहब।"

"कहाँ तक पहुँची?"

या प्रश्नाचं उत्तर देण्यात अनंतरावांचं सगळं आयुष्य गेलं होतं. कुठली गाडी कुठल्या दोन स्टेशनांच्या मध्ये आहे, हे ते झोपेतही सांगत. ते म्हणाले, "पता नहीं।"

सर्जननी आधी दुसरा रोगी घेतला. म्हणाले, बारापर्यंत थांबतो.

बकुळचा शेवटचा निरोप सात वाजून पन्नास मिनिटांचा होता: बसमध्ये बसले, चार्जर मिळाला नाही, आईला सांगा मी येते. त्यानंतर फोन बंद. अनंतराव व्हरांड्याच्या टोकाशी उभे राहून दर पाच मिनिटांनी नंबर फिरवत होते. बंद आहे हे सांगणारी बाई आधी थाई भाषेत बोले, मग इंग्रजीत. पंधराव्या वेळेपर्यंत थाई वाक्यही पाठ झालं.

पावणेबाराला भानुमतीबाईंना हिरवी उलटी झाली. परिचारिकेनं कागद आणला. मधुसूदन वाकून म्हणाले, "ताई, सही कर. हट्ट पुरे झाला आता."

"तू गप, मधू." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "फोन लावा. आवाज ऐकते नुसता. मग जाते."

अनंतरावांनी फोन लावला. थाई बाई बोलली, इंग्रजी बाई बोलली. त्यांच्या मनात आलं, फोन कानाला धरावा आणि म्हणावं, लागला, ती म्हणतेय जा. मधुसूदनही डोळ्यांनी तेच सुचवत होते. बत्तीस वर्षांत त्यांनी न आलेली गाडी आली म्हणून कधी लिहिली नव्हती.

"लागत नाही, भानू."

भानुमतीबाईंनी डोळे मिटले. परिचारिका कागद धरून उभीच होती. बारा वाजून गेले. सर्जन दाराशी येऊन परत गेले. मग भानुमतीबाईंनी हात पुढे केला आणि मधुसूदननी त्यात पेन दिलं. सही देवनागरीत केली. अक्षरं खाली घसरली होती.

"लुगडं हिनं नीट घडी करून ठेवायला हवं," त्या परिचारिकेकडे बोट दाखवून म्हणाल्या. मग ढकलगाडी आत गेली. बारा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

एक वाजून दहा मिनिटांनी अनंतरावांनी दिल्लीचा नंबर पुन्हा फिरवला. माणूस भेटला. नौदलाच्या विमानतळावरून दिल्लीसाठी एक विमान अर्ध्या तासापूर्वी निघालंय, असं तो म्हणाला. प्रवाशांची यादी त्याच्याकडे आलेली नव्हती.