दीपगृहाच्या दारावर टकटक

आमच्या घरात दुपारी भांडायचं असेल तर कुजबुजत भांडावं लागतं. त्यात काही मजा नाही. समोरचा "काय?" म्हणतो, मग आपण तोच टोमणा परत मारायचा, आणि दुसऱ्यांदा मारलेला टोमणा म्हणजे गार झालेला चहा.

कारण बाबा. बाबा रात्रभर ब्रेडच्या कारखान्यात भट्टीवर असतात आणि दुपारी आतल्या खोलीत झोपतात. बाहेरच्या खोलीत आईचं शिवणकाम. आता तुम्ही म्हणाल, शिलाई मशीनच्या खटखटीत माणूस झोपतो कसा? तर बाबा झोपतात ते त्या खटखटीवरच. मशीन चालू आहे तोवर घोरतात, मशीन थांबलं की डोळे टक्क उघडे. म्हणून आईला मापं घ्यायला किंवा बटणं आणायला उठायचं असलं की तिच्या जागी कुणीतरी बसून रिकामं पायडल मारायचं. चाकाचा स्क्रू सैल केला की चाक नुसतं फिरतं, सुई हलत नाही, पण खटखट चालू राहते आणि बाबांना तेवढी पुरते. याला आमच्याकडे "पाय देणं" म्हणतात. इतर घरांत मुलींना चहा टाकायला सांगतात. मला सांगतात, "बाळा, जरा पाय दे."

त्या रविवारी मात्र मी उठल्या उठल्या जाहीर केलं, की आज मी लेखिका आहे, मला कुणीही हाक मारायची नाही. शाळेच्या वार्षिकातली शेवटची दोन पानं बाईंनी माझ्यासाठी राखून ठेवली होती. माझ्यासाठी! नववीतल्या मुलीसाठी! अट एकच. कथा चारच्या आत बाईंच्या घरी पोचली पाहिजे, कारण चारला छापखान्याचा माणूस येऊन सगळा गठ्ठा घेऊन जाणार. नाही पोचली तर ती पानं डिक्शनरीला. डिक्शनरी म्हणजे आमच्या वर्गातला एक मुलगा, जो पाण्याला जल म्हणतो. त्याची निसर्गावरची कविता तयारच होती आणि ती त्याने मला दोनदा ऐकवली होती. एवढं एक कारण पुरेसं होतं.

माझी कथा एका मुलीची. ती घरच्या कटकटीला कंटाळून दीपगृहात राहायला जाते. चहूकडे समुद्र, एक दिवा, एक टेबल, आणि तिला हाक मारणारं कुणीही नाही. काय सुख! अडचण इतकीच, की दीपगृहात पोचल्यापासून तिच्या आयुष्यात काहीच घडत नव्हतं. ती समुद्राकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होते. घड्याळ आम्हा दोघींकडे बघत होतं.

आणि घरातले लोक! "हाक मारायची नाही" याचा आमच्या घरातला अर्थ "हळू हाक मारायची" असा आहे.

"बाळा," आई कुजबुजली, "एवढी सुई ओवून दे. हाक नाही मारत, नुसतं सांगतेय."

सुई ओवली. बसले. "समुद्र शांत होता," लिहिलं. ताई आली. ताईची दुसऱ्या दिवशी नोकरीसाठी मुलाखत होती.

"ए लेखिके, मला विचार ना, तुमच्यातला सर्वांत मोठा दोष कोणता?"

"दुसऱ्याचं काम चालू असताना येऊन उभं राहणं."

"नाही गं, मी 'मी फार जास्त मेहनत करते' असं म्हणणार आहे. कसं वाटतं?"

"खोटं वाटतं."

ताई फणकाऱ्याने न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावून भिंतीला उत्तरं द्यायला लागली. आमच्या घरात कडी असलेली ती एकच जागा, आणि खरं तर मी तिथे बसणार होते.

मी स्वतःही काही कमी नाही, हे कबूल. पेनाची रिफिल बदलली. दीपगृहातल्या मुलीचं नाव बदललं, मग ते आधीच्या सगळ्या पानांवर बदललं. मैत्रिणीने फोनवर मांजराचा फोटो पाठवला, तो बघितला, मांजर कुणाचं ते विचारलं, "माहीत नाही" असं उत्तर आल्यावर त्यावर चर्चा केली. तीन कधी वाजून गेले कळलंच नाही.

तेवढ्यात आई पिशवी घेऊन उभी. "नर्सकाकूंच्या कोटाला बटण कमी पडतंय. कोपऱ्यावरून घेऊन येते. स्क्रू सैल कर आणि पाय दे."

"आई! मला आज—"

"पाय दे म्हटलं, हात कुठे मागितला? हाताने लिही."

मी मशीनवर बसले. नर्सकाकूंचा जांभळा कोट तसाच मशीनवर पसरलेला, बाही सुईखाली. त्या मोठ्या दवाखान्यात मुख्य नर्स झाल्या होत्या आणि संध्याकाळी त्यांचा सत्कार होता. मी मशीनच्या फळीवर, त्या बाहीवरच कागद ठेवला, पायडल मारायला लागले आणि लिहायला घेतलं.

आणि काय सांगू! पेन पळायलाच लागलं. खटखट खटखट, वाऱ्याने खिडक्या वाजतायत, मुलगी एकेक पायरी चढून वर दिव्यापाशी चाललीय, ओळीमागून ओळ. कागद तर माझ्या हाताखालून आपोआप पुढे सरकत होता. मला वाटलं, यालाच ते लोक प्रतिभा म्हणत असणार.

मग दारावर टकटक झाली.

मी "या, दार उघडंच आहे" असं कुजबुजले. दाराबाहेरच्या माणसाला कुजबुज कशी ऐकू येणार? ओरडले असते तर बाबा उठले असते. उठून गेले असते तर मशीन थांबलं असतं आणि बाबा उठले असते. टकटक, टकटक. न्हाणीघरातून ताई भिंतीला सांगत होती, "संकटात मी डोकं शांत ठेवते." टकटक! मी इतकी वैतागले, की हातून कागदावर लिहिलं गेलं, "आणि दारावर टकटक झाली." ते खोडायला मी कागद ओढला.

कागद येईना.

स्क्रू सैल करायचा राहिला होता. सुई मगापासून इमानेइतबारे शिवत होती आणि माझं शेवटचं पान वरपासून पार मध्यापर्यंत कोटाच्या बाहीला पक्कं शिवलं गेलं होतं. म्हणजे कागद पुढे सरकत होता तो प्रतिभेने नव्हे, मशीनने.

माझे पाय थांबले. घोरणंही थांबलं. पलंग कुरकुरला.

मग सगळे एकदमच आले. दार ढकलून बटण घेऊन आई, तिच्या मागून नर्सकाकू, "कुणी उघडत का नाही?" म्हणत. ताई न्हाणीघरातून आणि बाबा लुंगी सावरत आतल्या खोलीतून. आईने बाही बघितली आणि कपाळाला हात लावला. "अगं कार्टे," ती कुजबुजली.

"कागद फाडून काढा ना," नर्सकाकू कुजबुजल्या. "मला साडेपाचला निघायचंय."

"नाही!" मी कुजबुजले. "चारच्या आत द्यायचंय, परत लिहायला वेळ नाही!"

"फाडलं की लगेच निघेल," ताई कुजबुजली.

"तुम्ही सगळ्या कुजबुजताय का?" बाबा म्हणाले. "मी इथे उभा आहे ना, जागा?"

आई मला ओळखते. ती माझ्या तोंडाकडे बघून खुर्चीत बसली आणि कात्रीच्या टोकाने एकेक टाका उसवायला लागली. नर्सकाकूंनी बाही ताणून धरली. टाके निघत होते तसतशा त्या वाचत होत्या. "'समुद्र शांत होता'... 'ती वर चढली'... अय्या, छान आहे हं... 'आणि दारावर टकटक झाली.'" त्यांनी कागद उलटून पाहिला. "कोण आलं?"

"अजून लिहिलं नाही," मी म्हणाले.

"आईच असणार," आई म्हणाली. "शोधत आली असेल बिचारी."

"चोर!" ताई म्हणाली.

"दीपगृहात काय चोरणार, दिवा?" बाबा म्हणाले. "वडील असतील. पण मला सांग, तिथे ती जेवते काय? दूध कोण आणून देतं?"

"दूधवालाच आला असेल मग!" नर्सकाकू.

"गप्प बसा सगळे!" मी ओरडले.

ओरडले! दुपारी! आमच्या घरात! सगळे खरंच गप्प झाले. मला इतकं बरं वाटलं, की मी आईच्या कापायच्या टेबलावरचे तुकडे बाजूला ढकलले, भोकं पडलेलं पान ओढलं आणि लिहिलं. मुलीने दिव्याकडे बघितलं. समुद्राकडे बघितलं. मग "आले, आले, जरा धीर धरा!" असं ओरडत, कुरकुरत, सगळ्या पायऱ्या उतरून खाली गेली आणि तिने कडी काढली. बस. संपली कथा. मला आतून माहीत होतं, की ती इथेच संपते.

"पण कोण आलं?" चौघंही म्हणाले.

"बाबा, स्कूटर काढा!"

बाबांनी लुंगीवरच शर्ट चढवला. सगळ्या रस्त्याने ते मान मागे वळवून विचारत होते. "निदान मला तरी सांग, वडीलच ना?"

"बाबा, पुढे बघा, ट्रक!"

आम्ही पोचलो तेव्हा छापखान्याचा माणूस बाईंच्या फाटकात मोटरसायकल चालू ठेवून उभा होता. इस्त्रीचा शर्ट घालून डिक्शनरीही हजर, कवितेची सुरळी हातात. बाईंनी माझी पानं घेतली आणि उभ्याउभ्याच वाचायला लागल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. शेवटच्या पानावर त्यांच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

"कोण आलं होतं गं?" बाई म्हणाल्या.

"मीही तेच म्हणतोय!" बाबा स्कूटरवरून उतरले. "वडील, नाही का?"

"वडील? नाही हो, मला तर मैत्रीण वाटली."

"मैत्रिणीला पत्ता कसा कळेल?"

"माझ्या मते ते प्रारब्ध होतं," डिक्शनरी म्हणाला.

"अरे, प्रारब्ध दार वाजवतं का?" बाई त्याच्याकडे वळल्या. माझी पानं त्यांच्या हातात, हात हवेत, आणि त्या माणसाने घड्याळ बघून मोटरसायकल गिअरमध्ये टाकली.

"बाई! पानं!" मी ओरडले. त्या दिवसात दुसऱ्यांदा. त्यांच्या हातातून पानं घेतली, धावत जाऊन त्याच्या पिशवीत स्वतः कोंबली, वरून चेन ओढली आणि म्हणाले, "जा तुम्ही. हे लोक काही थांबणार नाहीत."

तो गेला. मी मागे वळले तर बाबा बाईंच्या पायरीवर बसून त्यांना भट्टीवरच्या रात्रपाळीत मध्यरात्री दार वाजलं की कसं वाटतं ते सांगत होते.