बिनशिंगाचं जनावर

"उठ रं बाबा, उठ!" हिरूने लिव्हर वर ओढला, खाली केला, पुन्हा ओढला. ट्रॅक्टरच्या पोटातला हायड्रॉलिकचा पंप नुसता कण्हला आणि मागचा लोखंडी फण चिखलात रुतला तो रुतलाच. बांधावर छत्री धरून उभ्या असलेल्या आबाजींनी तोंडातलं पान थुंकलं.

"हिरू, किती दिवस ह्याच्या हातापाया पडनार हायस तू? भाताची रोपं जून व्हायला लागली. आता चौक गावचा सखा मिस्त्री येतोय. चालवनाऱ्याचा हात वाईट हाय, असं त्यानं सांगितलं, तर मी खोपोलीचा डायवर आनतो. मंग रागवायचं नाय."

हिरूने पुन्हा एकदा लिव्हर ओढून पाहिला. उभा जन्म त्याने आबाजींच्या बैलांमागे काढला होता. बैल विकून आबाजींनी हा जुना ट्रॅक्टर आणला तेव्हा गावाने हिरूला निकालातच काढलं होतं. "आता हिरूनं माश्या मारायच्या!" पण हा गडी पन्नाशी उलटल्यावर गिअर टाकायला शिकला. शिकताना एक बांध फोडला, आबाजींच्या परसातली केळ आडवी केली, पण हटला नाही. आता अख्ख्या खालापूर तालुक्यात आपल्यासारखी चिखलणी करणारा दुसरा नाही, असं तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. त्या सीटवरून उतरलो की ओटीवर खोकत बसायचं एवढंच उरतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच सखा मिस्त्रीची सायकल लांबून दिसली तेव्हा तो सीटवरून हललाच नाही.

सखा तिशीतला, कमी बोलणारा माणूस. ट्रॅक्टर कसाबसा ओढत आबाजींच्या अंगणात आणला, तेव्हा त्याने आधी फण सोडवला आणि फण उचलणारे मागचे दांडे रिकामेच उचलून बघायला सांगितले. तेही हलेनात.

"म्हंजे वज्याचा दोष नाय. दुखनं पोटात हाय," सखा म्हणाला.

"तेल बघून घे," हिरू घाईघाईने म्हणाला. "थेंबभर कमी पडू दिलं नाय मी."

सखाने तेल मोजायची पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली. पुन्हा काढून उजेडात धरली. "कमी नाय दादा, जास्त हाय. खुनेच्या पार वर गेलंय. तुमी वरनं घातलंत?"

"नाय रं."

"मंग वाढलं कसं? तेलाला काय पोरं झाली?"

आबाजी मोठ्याने हसले. हिरूला मात्र हसू येईना. सखा घमेलं घेऊन ट्रॅक्टरखाली शिरला आणि त्याने खालचा बोल्ट सैल केला. आधी गढूळ पाणी आलं, मग पांढरट, दाट असं काहीतरी बदाबदा पडायला लागलं. चहा घेऊन आलेल्या गौराबाई, आबाजींच्या पत्नी, वाकून बघत राहिल्या. "अगो बाई! हे तर ताक!"

"ताकच झालंय, काकी. पंप ताक ओढतोय, त्यात जोर कुठनं येनार?" सखा बाहेर आला. "हा पान्यात गेलता काय?"

"गेलता म्हंजे?" आबाजी कौतुकाने म्हणाले. "आमचा हिरू रोज आंगोळ घालतो त्याला! पार पाताळगंगेत नेऊन. पेंढ्यानं घासून काढतो. अशी बडदास्त जावयाची पन नसंल."

हिरूचा चेहरा उतरला. चिखलातून आलेलं जनावर धुतल्याशिवाय गोठ्यात घ्यायचं नाही, हा त्याच्या बापाने घालून दिलेला नेम होता. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे करायचे, तसाच तो ट्रॅक्टरही करायचा. सखाने गिअरच्या दांड्याखाली बोट घातलं. तिथलं रबर फाटलेलं होतं.

"हितनं पानी आत गेलं," एवढंच तो म्हणाला.

आबाजींचं हसू विरलं. हिरूला मान वर करवेना. आपणच आपल्या हाताने, मायेने, रोज थोडं थोडं त्याला मारत होतो.

पण हातांना बसू द्यायची सवय नव्हती. सखा सांगेल ते तो करत गेला. पोटात डिझेल फिरवून सगळं ताक काढलं. पंपाची जाळी चिकट लगद्याने गच्च भरलेली होती, ती हिरूने तान्ह्या पोराचं नाक पुसावं तशी हलक्या हाताने साफ केली. नवं तेल पडलं. फाटक्या रबरावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आवळून बांधला.

"करा चालू," सखा म्हणाला.

हिरूने लिव्हर ओढला. दांडे थरथरले आणि सावकाश, एका दमात वर आले. फण जोडला, तोही उचलला गेला. गौराबाईंनी हात जोडले. हिरूने मात्र इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि चावी आबाजींपुढे धरली.

"घ्या. मिस्त्रीनं सांगायला नको. हात माझाच वाईट निघाला. बोलवा खोपोलीवाल्याला."

आबाजींनी चावीकडे पाहिलं, मग हिरूकडे.

"हिचं मी काय करू? मला सायकल येत नाय. आन खोपोलीवाला काय, दिवस मावळला का ट्रॅक्टर टाकून घरी पळंल. धुनारा मानूस मी कुठनं आनू?" त्यांनी हिरूचा चावीचा हात मागे सारला. "फकस्त नदीत नेऊ नको रं बाबा. जा, खालचं खाचर तसंच पडलंय."

हिरूने चावी मुठीत घट्ट धरली. डोळे पुसायला खांद्यावरचा टॉवेल पुरला.

अंधारून येईपर्यंत खालचं खाचर लोण्यासारखं झालं. परतताना नदीच्या वळणावर त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मग त्याने पाय उचलला आणि ट्रॅक्टर सरळ आबाजींच्या घरी आणला. चिखलाने माखलेलं जनावर हिरूच्या हातून पहिल्यांदाच गोठ्यात उभं राहिलं.

गरम बॉनेटवर त्याने हात ठेवला. "आज असाच नीज," म्हणाला, आणि एकटाच नदीवर जाऊन स्वतःचे पाय धुऊन आला.